सिंधूची नखं

नागुबाई कासारणीनं सिंधूचा अंगठा तळव्यात दुमडला, पंजा आवळून धरला आणि निळी बांगडी हळूहळू मनगटावर आणली. पुढं जागा नव्हती. एप्रिलच्या उन्हात पोरीनं पूर्ण बाह्यांचा झंपर घातलेला, मनगटाशी बटन लावून. नागुबाईनं बटन काढलं आणि बाही कोपरापर्यंत वर सारली.

हात मनगटापासून वर ठिपक्याठिपक्यांचा होता. काही ठिपके काळे पडलेले, काही गुलाबी, दोन-तीन ताजे, कडेला रक्त सुकलेले. सिंधूनं हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण कासारणीच्या हातातून हात सुटत नसतो.

"बाई," नागुबाई दुसरी बांगडी निवडत पंचशीलाला म्हणाली, "ह्या पोरीवर वरडू नका. वरडलं की बोट लईच चालतं. अन् हिला रिकामं बसू देऊ नका. चाळीस वर्सं बायांचे हात धरून राहिले मी. असे हात पाह्यलेत."

"मग काय औषध दिलंत त्या बायांना?"

"मी काय देनार, माय? बांगड्या भरल्या."

पंचशीला हसली, आणि हसणं तिनं लपवलं नाही. मानसशास्त्र घेऊन नांदेडच्या कॉलेजातून बी.ए. झालेल्या बाईनं दारावरच्या कासारणीकडून निदान ऐकून घ्यावं, इतके वाईट दिवस लातुरात अजून आले नव्हते. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं, तेवढं पुरेसं होतं.

"घाम येतो तिला, घामोळं आहे," ती म्हणाली. "भरा तुम्ही. जयंतीच्या आधी दहा घरं करायची असतील तुम्हाला."

नागुबाईनं एकेका हाताला सहा बांगड्या भरल्या, बाही पुन्हा खाली ओढली, बटन स्वतः लावून दिलं. उठताना सिंधूच्या डोक्यावरून हात फिरवला. ही जवळीक पंचशीलाला मुळीच आवडली नाही.

सिंधू तिची नणंद. एकोणीस वर्षांची, मुखेडला बारावी झालेली. लातूर जिल्हा झाल्यावर नवऱ्याची, भुजंगची, नांदेडहून इथल्या नव्या कचेरीत बदली झाली, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, आणि सुमेध झाल्यावर त्याला सांभाळायला म्हणून सिंधू आली. जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं. पाट्या नव्या रंगवल्या होत्या, साहेब नवे आले होते, नळ जुनेच होते. दोन वर्षं पाऊस नव्हता. टँकर आला की कालपर्यंत एकमेकींना ताई-वहिनी म्हणणाऱ्या साहेबांच्या बायका घागरी आदळत एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचायच्या. पंचशीला खिडकीतून बघायची आणि भुजंगला म्हणायची, "बघा तुमची जिल्ह्याची संस्कृती."

भुजंगचा बेत साधा होता. नव्या कचेरीत टायपिस्ट लागणार होते. सिंधूनं जूनमध्ये टायपिंगची परीक्षा द्यायची. रोज दुपारी तीन ते चार ती शेषेराव मास्तरांच्या क्लासला जायची. पास झाली तर इथं अर्ज करता येणार होता. नाही तर गाव, म्हणजे आटलेली विहीर, रोजगार हमीची खडी, आणि त्यानंतर जे स्थळ येईल ते. हे घरात तिघांनाही ठाऊक होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

बटनाखाली घामोळं नाही, हे पंचशीलाला पहिल्या आठवड्यातच कळलेलं होतं. सिंधू मोरीच्या उंबऱ्याशी बसायची. उजव्या हाताचं बोट डाव्या हातावरून वर जायचं, खाली यायचं, जसं कोणी तांदळातला खडा हातानंच शोधतंय. खडा सापडला की बोट थांबायचं. मग नख. चेहऱ्यावर दुखल्याची खूण नसायची. उलट एक निवांतपणा असायचा, आणि पंचशीलाला किळस यायची ती त्याचीच.

"सिंधू! काय करून राहिलीस?"

"काही न्हाई वहिनी."

"काही नाही तर हे फरशीवर काय पडलंय? चिमणीनं पोहे सांडले?"

सिंधू ओल्या फडक्यानं फरशी पुसायची. पुसताना रडायची नाही, हेही पंचशीलाला खटकायचं. रडली असती तर पश्चात्ताप आहे असं तरी म्हणता आलं असतं. संध्याकाळी ती भुजंगला सांगायची, "तुमच्या बहिणीनं आज पुन्हा सोलून घेतलं. बटाट्यालासुद्धा आपण आठवड्यातून दोनदाच सोलतो."

भुजंग पेपर वाचत राहायचा. "लहानपणापासून हाय तिला ते. माय मरून गेली तवापासून."

"माय सगळ्यांचीच मरते."

यावर तो पेपरची घडी करायचा आणि सुमेधला घ्यायचा.

सुमेध आठ महिन्यांचा होता. पंचशीलानं त्याच्यासाठी एक वही केली होती. किती वेळा दूध, किती वेळा शी, कपाळ किती गरम. पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळून. रात्री तीनदा उठून ती त्याच्या नाकाखाली बोट धरायची, श्वास बोटाला लागतो का ते बघायला. दूध पाजताना तिचा डावा हात त्याच्या डोक्याखाली असायचा आणि उजवा डोक्यावर. टाळूवर पिवळट, तेलकट पापुद्रा धरला होता. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, तेल लावा, आपोआप जाईल. पंचशीला तेल लावायची. नजर ठेवायची. बोटानं चाचपून बघायची, कमी झालंय का.

मेच्या मध्याला टाळूच्या मागे, उजव्या कानाच्या वर, एक रुपयाएवढी जागा लाल झाली. मग ओली झाली. मग तिच्यावर खपली आली, आणि दुसऱ्या दिवशी खपली नव्हती.

पंचशीलानं वहीत तारीख घातली आणि स्वयंपाकघरात गेली. सिंधूची कपबशी, ताटली आणि पेला बाजूला काढला. कपाच्या कानाला सुतळी बांधून तो मागच्या दाराबाहेर, पाण्याच्या टाकीशेजारी, खिळ्याला अडकवला.

"वहिनी, ह्यो माझा कप..."

"आता तिथंच राहील. धुवायचाही तूच, बाहेर. आणि बाळाला घ्यायचं नाही."

"बाळाला काय झालं?"

"ते तू मला विचारतेस?"

सिंधूनं चहा बाहेर उभं राहून प्यायला. कप विसळून पुन्हा खिळ्याला लावला, तिथलाच असल्यासारखा.

भुजंग साडेसहाला आला. हात-पाय धुवायला मागे गेला तो बराच वेळ आत आला नाही. पंचशीला बघायला गेली, तर तो टाकीशी उभा राहून त्याच कपातून पाणी पीत होता.

"अहो! काय करताय?"

"आमचा आजा सांगायचा," तो म्हणाला. "कंधारच्या हाटेलात त्याचा कप असाच असायचा. बाहेर, खिळ्याला. आपणच विसळायचा, आपणच टांगायचा. चहावाला वरून ओतायचा." त्यानं कप उलटा करून शेवटचा थेंब झटकला. "तुझ्या आज्याचा नव्हता काय?"

पंचशीलाचा चेहरा तापला. तिच्या आजोबांचाही होता. त्यावर कॉलेजात तिनं भाषण केलं होतं आणि बक्षीस मिळवलं होतं.

"हे वेगळं आहे," ती म्हणाली. "हे आरोग्याचं आहे."

"ते बी असंच काहीतरी म्हणत असतील," भुजंग म्हणाला, आणि कप आत घेऊन आला. सकाळी कप पुन्हा बाहेर होता. या वेळी तिथं तो सिंधूनंच नेऊन लावला होता. भुजंग बघून कचेरीत गेला. चांगली माणसं अशीच असतात, एकदा बोलतात आणि मग कामाला जातात.

त्याच आठवड्यात कुष्ठरोगाच्या पाहणीवाले घरोघर फिरत होते. खाकी पिशवी घेतलेला एक उन्हानं रापलेला माणूस दाराशी आला, घरात किती माणसं, अंगावर कुठं चट्टा, असं पाठ केल्यासारखं विचारू लागला. पंचशीलानं त्याला खुर्ची दिली, पाणीही दिलं. सिंधूला हाक मारली आणि तिच्या बाह्या स्वतःच वर केल्या.

"बघा. मला माहिती होतंच. घरात लहान मूल आहे हो."

त्यानं सिंधूला डोळे मिटायला लावले. कापसाची वात करून हातावर ठिकठिकाणी टेकवली. "कुठं लागलं तिथं बोट ठेव, ताई." सिंधू डोळे मिटून दर वेळी अचूक बोट ठेवत गेली. दहापैकी दहा. त्यानं बोटांच्या बेचक्यात पाहिलं, कोपराच्या नसा चाचपल्या, मग बाह्या खाली केल्या.

"महारोग न्हाई. खरूज पण न्हाई."

"मग काय आहे?"

"नखानं हाय, बाई."

"म्हणजे मुद्दाम?"

तो माणूस घोटाळला. त्याच्या तक्त्यात या रोगाला रकाना नव्हता. "मुद्दाम म्हनता येनार न्हाई... हात जातो आपसूक. काहींचा जातो."

"हात जातो," पंचशीला म्हणाली. "सरकारी हात कधी कामाकडं जात नाहीत, ते आपसूक. हिचे हात स्वतःला सोलायला जातात, तेही आपसूक. सोय आहे." मग तिनं सुमेधला आणलं, टोपडं काढलं. "आणि हे?"

त्यानं वाकून जखम पाहिली. बोट न लावता, बराच वेळ. "हे पण तसंच दिसून राहिलंय. कडा बघा. खपली धरू देत न्हाई कोनीतरी."

तो वहीत घराचा नंबर लिहून पुढच्या दाराला गेला. त्याची पाठ वळायच्या आत पंचशीलाच्या मनात सगळं जुळलं होतं. संसर्ग नव्हता, ते बरं. हे त्याहून वाईट होतं. स्वतःचा हात पुरेना, म्हणून पोरीनं तिच्या लेकराचं डोकं घेतलं होतं.

"त्याला घेऊ नको म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"न्हाई घेतलं वहिनी. त्या दिवसापासून हात बी लावला न्हाई."

"मग खपली कावळा काढून नेतो?"

सिंधू भिंतीशी उभी होती. तिची नजर पंचशीलाच्या चेहऱ्यावर नव्हती, जरा खाली होती, सुमेधला धरलेल्या हातावर.

"वहिनी, तुमीच..."

"मीच काय?"

"काही न्हाई."

"बोल की. मीच काय? मीच तुला आणलं घरात? हो, मीच."

सिंधूच्या बांगड्या वाजल्या. बोट बाहीच्या आत शिरलं होतं. पंचशीलानं ते पाहिलं आणि तिला जिंकल्यासारखं वाटलं.

भुजंग त्या संध्याकाळी दोनच वाक्यं बोलला. "परीक्षेला तीन आठवडे हायत," हे पहिलं. पंचशीलानं जखम दाखवली. तेव्हा, "उद्या सकाळच्या गाडीला बसवतो," हे दुसरं. सिंधूनं पिशवी भरायला वेळ लावला नाही. निघताना ती पंचशीलाच्या पाया पडायला वाकली, आणि पंचशीलानं पाय मागे घेतले. सुमेध तिच्याकडं झेपावत होता. तो वेडा होता, आठ महिन्यांचा होता, त्याला माणसाची पारख कुठून असणार.

घर मोकळं झालं. पंचशीलानं चादरी उकळत्या पाण्यात भिजवल्या, टँकरवरून भरलेलं अर्धं पाणी त्यात घातलं. शेजारणींना सांगताना तिनं "मानसिक" हा शब्द वापरला. त्यांनी "अगं बाई" म्हणून तोंडावर पदर धरला, तेव्हा तिला त्यांचाही तिटकारा आला.

बाराव्या दिवशी शेषेराव मास्तर आले. सायकल भिंतीला टेकवून त्यांनी खिशातून कागद काढला. पंचशीला उंबऱ्याच्या आत पाट टाकून सुमेधला थोपटत होती. तो नुकताच दूध पिऊन मांडीवर झोपला होता.

"सिंधूताईंचा परीक्षेचा नंबर आलाय. सोमवारी साडेदहाला. दोन आठवडे झाले, दिसल्या नाहीत म्हणून आलो."

"ती गावी गेली. हात खराब होते तिचे."

"हो, पाहिले होते की." मास्तर सहज म्हणाले. "मी म्हणालो, बाह्या वर घ्या, मशीनच्या कळांवर अडकतात. मग घ्यायला लागल्या. तासाचे दोन तास बसायच्या शेवटी शेवटी. मशीन मोकळं असलं की उठायच्याच नाहीत. मेपर्यंत तर हात बराच भरून आला होता, बाई. सगळ्या मुलींत वेगही त्यांचाच जास्त."

"बराच भरून आला होता?"

"डावा तर पूर्ण. मग काय झालं कुणास ठाऊक, पुन्हा सुरू झालं. विचारलं, तर काही नाही म्हणाल्या." त्यांनी कागद पुढं केला. "आज कळवलं तर रविवारपर्यंत येतील ना? माझ्या ओळखीचा कंडक्टर आहे मुखेडच्या गाडीवर, निरोप..."

ते थांबले.

"बाई, बाळाच्या डोक्याला रक्त आलंय."

पंचशीलानं खाली पाहिलं. सुमेध झोपेत होता. तिचा डावा हात त्याच्या डोक्याखाली होता. उजवा हात वर होता, कानाच्या वरच्या त्या जागेवर, आणि तर्जनीच्या नखात पातळ, तपकिरी, नखाएवढाच एक तुकडा होता. ती मास्तरांशी बोलत होती. मास्तर आल्यापासून ती त्यांच्याशीच बोलत होती.

घरात तिसरं कोणी नव्हतं. बारा दिवस नव्हतं.

"खाजवलं असेल त्यानंच," ती म्हणाली. तो दोन्ही मुठी मिटून झोपला होता.

मास्तरांनी मुठींकडं पाहिलं, मग अंगणाकडं. कागद त्यांनी उंबऱ्यावर ठेवला, वर एक खडा ठेवला आणि सायकल घेऊन गेले. निरोप द्यायचा की नाही, ते त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि पंचशीलानं सांगितलं नाही. सोमवारी साडेदहा वाजले, अकराही वाजले.

तिनं नखं मुळापर्यंत कापली. बोट थांबलं नाही. बिननखाचं बोटही दूध पाजताना तिथं जायचं, वर, खाली, शोधत, आणि गेलेलं तिला ते तिथं सापडल्यावरच कळायचं. एकदा तर सापडलेलं असताना तिनं क्षणभर तसंच चालू ठेवलं. तेव्हा आत काहीतरी सैल झालं, निवांत झालं. तिनं सुमेधला चटईवर ठेवलं आणि मोरीत जाऊन हात घासले, पाण्याचा हिशेब न करता.

एका संध्याकाळी भुजंगनं बाळाला जाड कापडाचं नवं टोपडं आणलं, त्याचे बंद हनुवटीखाली स्वतः बांधले, आणि गाठ अशी मारली की एका हातानं सुटू नये. आठ दिवसांत खपली धरली. दहाव्या दिवशी आपोआप पडली. खाली कोवळी, स्वच्छ कातडी होती. पंचशीला वहीत लिहायला बसली आणि तारखेपुढं काय लिहायचं ते तिला सुचलं नाही.

तिनं सिंधूला कार्ड टाकलं. परीक्षा हिवाळ्यात पुन्हा असते, ये, एवढंच. चूक झाली, असं लिहायला जागा होती; तिथं तिनं सुमेधला दात आल्याचं लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या कार्डाला सासऱ्यांनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं उत्तर आलं. "सिंधू बरी हाय. खडीवर जाती. काळजी नसावी." बरी. या मुलखात विहिरीत पाय सोडून बसलेलं माणूसही बरंच असतं. तिसऱ्या कार्डाला काहीच आलं नाही.

पंचशीला स्वतः गेलेली नाही. मुखेडला गाड्या नाहीत असं नाही. बाळ लहान आहे, हे कारण तिनं दोनदा वापरलं. तिसऱ्यांदा ते तिला स्वतःलाच ऐकवलं नाही. बी.ए.च्या पुस्तकात प्रत्येक गोष्टीला नाव होतं, या गोष्टीला नव्हतं. तिच्या पळपुटेपणाला मात्र साधं मराठी नाव आहे, आणि ते तिला पाठ आहे.

म्हणून हे तुम्हाला सांगणं. मुखेडच्या बाजूला तुमचं काही काम निघालं, तर देगलूरच्या रस्त्यानं तिसऱ्या फाट्याला उतरा. फाट्यावरून निळा झेंडा दिसतो. त्याच्या मागचं दुसरं घर. तब्येत विचारू नका, बरी हाय म्हणतील. ऊन लागलंय म्हणा आणि पाणी मागा. गावात पाणी नसेल, तरी सिंधू देईल. तांब्या घेताना तिच्या हाताकडं बघू नका, तोंडाकडं बघा. सावकाश प्या. ती घरात असली, तर तेवढं एका कार्डावर लातूरला पंचशीलाला कळवा. नसली, तर कुठं गेली ते कळल्याशिवाय तिथून उठू नका.